कडी लावण्याआधीची हाक

सोमवार, ६ ऑक्टोबर
सावद्याला पोचले एकदाची! अम्मीने धुळ्याहून एवढा डबा बांधून दिला की अख्खं ऑफिस जेवलं. कच्ची केळी बंद खोलीत गॅस सोडून पिकवणारी कंपनी आहे. नव्या कामगारांना शिकवायचे व्हिडिओ आहेत, त्यांतला बारीक आवाज वाढवायचा, खरखर पुसायची, खाली मजकूर घालायचा. त्यात इथले जुने कामगार चुडामण नाना अहिराणीत समजावतात, ते मी शुद्ध मराठीत लिहायचं. कोणी बोलत नसेल तिथे कंसात [शांतता] लिहायचं, नाहीतर ऐकू न येणाऱ्याला वाटतं मजकूर राहूनच गेला. बसायला चंदनभाऊंनी, म्हणजे आमच्या मॅनेजरांनी, केळी पिकवायची जुनी खोली दिलीय. जाड फोमच्या भिंती, ट्रकचा आवाज येत नाही. दाराची आतली मूठ तेवढी तुटलीय, म्हणून दारात क्रेट अडकवते. थाट आहे बुवा आपला!

मंगळवार
आजच्या व्हिडिओत हीच खोली आहे. आत गॅस सोडला की दार उघडायचं नाही, म्हणून कडी लावण्याआधी दारातून हाक द्यायचा इथला रिवाज. नाना दारातलं क्रेट ओढतात, हाक देतात, 'मझार कोनी शे का?' आत कोणी आहे का. मग कडी.
हाकेनंतरचा आवाज वाढवून पाहिला. आतून बारीक उत्तर आलं, 'शे ना, नाना. मी शे.' तोवर नानांनी कडी लावली होती.

बुधवार
नानांना विचारलं. भला माणूस, हसायलाच लागले. म्हणाले, 'उत्तरनी वाट कोन देखस, बेटी? कोनी बोलतच नही ना.' श्रावणात शूटिंग झालं तेव्हा आत फक्त केळी होती म्हणे. चंदनभाऊ म्हणाले, पंख्याचा आवाज असेल, पुसून टाका. पंखा काय मला कळत नाही? पण नोकरी नवी, नाकापेक्षा मोती जड कशाला? पुसला. तिथे [शांतता] लिहिलं. बाईचा आवाज होता. तेव्हापासून मला फार वाईट वाटतंय.

गुरुवार
पुसलेला आवाज परत आलाय, आधीपेक्षा मोठा. आज पुढचंही ऐकू येतं — मी सदफ.
माझाच आवाज. श्रावणात मी सावदा पाहिलंसुद्धा नव्हतं.
मला भीती वाटतेय. चंदनभाऊंना सांगितलं, मी नोकरी सोडून जाते. ते म्हणाले, दिवाळीच्या मालाला खोल्या कमी पडतायत, ही खोलीही उद्या भरायची आहे, तुम्ही काम बाहेर बसून संपवा. बरं झालं. या खोलीत आता पाऊल टाकणार नाही.

शुक्रवार
लॅपटॉप मागच्या कोपऱ्यात राहिला होता. तेवढा घ्यायला आत — केळ्यांच्या थप्प्या लागल्यात, मागून दारही दिसत नाही —
क्रेट ओढल्याचा आवाज. नानांची हाक.
ओरडले. शे ना, नाना, मी शे, मी सदफ —
कडी.

रेंज नाही. भिंत बडवते, नुसता फोम. माझा आवाज मलाच बारीक येतोय.

गोडसर वास —

लॅपटॉप आपोआप सुरू झाला. पडद्यावर बंद दार. मी ओरडले की खाली अक्षरं येतात. मीच लिहिलेली.
[शांतता]
पुसते. ओरडते.
[शांतता]
या अल्लाह, कोणीतरी आवाज वाढवा, मी आत