बाबांनी न गिळलेल्या गोळ्या

९ ऑक्टोबर, दुपार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मधल्या खोलीची गळती थांबली. बाबा परवापासून आधाराशिवाय व्हरांड्यापर्यंत येतात. तू फोनवर सारखं विचारतोस, ऑपरेशन चांगलं झालं तर दुसऱ्यांदा आत का नेलं? बाबा म्हणतात, होतं असं कधीकधी. मीही आजवर हो ला हो केलं. आता माझ्याच्याने होत नाही.

त्यांची छाती पुन्हा उघडावी लागली, ती तुझ्यामुळे.

थांब, पत्र बाजूला ठेवू नकोस.

ब्लडप्रेशरच्या गोळ्यांनी रक्ताचं गोठणं बिघडतं, असं तू कुठेतरी वाचलंस. लगेच बाबांना परस्पर फोन! ऑपरेशनपर्यंत गोळ्या बंद करा, ताईला बोलू नका, ती उगाच घाबरते. इकडे मी रोज सकाळी गोळ्या त्यांच्या हातावर ठेवत होते, समोर उभं राहून पाणी पाजत होते. ते गोळ्या गालात धरायचे आणि माझी पाठ वळली की खिडकीबाहेर थुंकायचे. सत्तरी उलटलेला माणूस, तुझ्या शब्दाखातर.

ऑपरेशनच्या सकाळी प्रेशर चढलेलं. सर्जनबाईंनी विचारलं, गोळ्या चालू आहेत ना? बाबा हो म्हणाले. मी तर छातीठोकपणे हो म्हणाले. इंजेक्शनने प्रेशर उतरवून बायपास केली. संध्याकाळी ते पुन्हा असं उसळलं की आतल्या टाक्यांतून रक्त थांबेना. नळीतून बाटलीत पडणारं रक्त मी काचेपलीकडून पाहिलंय. तू नाही पाहिलंस.

शुद्धीवर आल्यावर बाबांनी मला जवळ बोलावलं. "गोळ्या मी घेतल्याच नव्हत्या. धाकट्याने सांगितलं होतं. त्याला कळू देऊ नकोस, जिवाला लावून घेईल." छाती दोनदा शिवलेली, आणि काळजी तुझी.

मी सर्जनबाईंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "रक्त गोठणं आणि गोठलेलं विरघळणं, यांचा एक तोल असतो. काही गोळ्यांनी तो थोडा हलतो, हे खरंय. पण त्यांची एक गोळी आदल्या दिवशी आम्हीच थांबवली होती. दुसरी मात्र एकदाही चुकवायची नव्हती, अचानक बंद केली की प्रेशर उसळतं. आम्हाला विचारायला काय झालं होतं?"

हे त्यांनी मला विचारलं. तू अर्ध्या हळकुंडाने पिवळा झालास, रक्त बाबांचं गेलं, बोलणी मी खाल्ली.

आज सकाळी बाबांना सांगितलं, धाकट्याला सगळं लिहिणार आहे. तेव्हापासून ते भिंतीकडे तोंड करून पडलेत. माझ्या हातचं जेवले नाहीत.

माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतात. तेव्हा ये, त्यांच्यासमोर बस आणि सांग, ताईने योग्य केलं. फोनवर नाही. समोर.

अजून तरी तुझीच,
ताई