यांचा ड्रायव्हर काढला

दर्यापूर, मंगळवार, संध्याकाळ

छपाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स यांनीच टाकलं होतं. स्क्रीनवरची विंडो माउसनं ओढली की चादरीसारखी लहरायची. हे गेल्यावरही मी ती लहर राहू दिली. आज स्क्रीनवर चित्र उमटवणारा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला आणि स्क्रीन काळी पडली. उद्या गिऱ्हाइकाला लग्नपत्रिका द्यायची आहे.

शेजारचे दुरुस्तीवाले सलीमभाई म्हणाले, "वहिनी, काहून डोकं फोडून राहिल्या? सारं पुसून विंडोज टाकून देतो."

"पुसाचं नाही, भाऊ. मले वाचू द्या."

मोबाइलवर वाचलं. आधी जुना ड्रायव्हर काढायचा असतो. तो यांनी टाकलेला, म्हणून मी ठेवला होता. जुन्या-नव्या ड्रायव्हरचं भांडण लागलं. यांचा काढला शेवटी. स्क्रीन उजळली, पण विंडो आता लहरत नाही. लहर परत आणता येईल का? शिकेन. आधी पत्रिकेतली मामांची नावं टाकते.