शून्य लिहिलेलं वर्ष

भाऊजी,

आपल्याला एक वहिनी आहे हे तुम्ही विसरला असाल. विसरणं तुम्हाला पहिल्यापासून छान जमतं. मला अक्षर येत नाही, म्हणून नात लिहितेय. "आजी, हे पाठवायचं नाही हं," म्हणते. म्हटलं, तू आधी लिही तर.

दवाखान्यांवरचा तुमचा अहवाल तिनेच वाचून दाखवला. मेलेलं मूल जन्माला येण्याचं प्रमाण पन्नास वर्षांत निम्म्यावर आलं म्हणे. फोटोत छाती फुगवून उभे आहात. पण तक्त्यात आपल्या दवाखान्यापुढे पहिल्याच वर्षी शून्य आहे. त्याच वर्षी, त्याच दवाखान्यात माझी मुलगी न रडता जन्मली. नोंदवही तुमच्याच हातात होती. "वहिनी, श्वासच घेतला नाही, तर नोंद कसली?" म्हणालात आणि पेनाला टोपण लावलंत. वर ते शून्य बघून साहेबांनी तुमची पाठ थोपटली, तेही घरी येऊन मलाच सांगितलंत.

ते शून्य खोडा आणि तिथे एक लिहा. तोवर माझ्या दारात पाऊल टाकू नका.

आणि मूल नाही तर बाळंतीण कसली, म्हणून तेव्हा मला कुणी धड जेवू घातलं नाही. बदाम आणि लोणी पाठवा. बदाम कुटूनच पाठवा, दात उरलेले नाहीत.

नाइलाजाने तुमचीच,
वहिनी