आखाजीची गुलाबी साडी

भेस्तान, सुरत
चैत्र वद्य एकादशी, १९९६

प्रिय गजेंद्र,

'प्रिय' लिहावंसं वाटत नव्हतं, पण आईने लावलेली रीत आहे. मगन वॉचमनबरोबर तू निरोप धाडलास, आखाजीला मुराळी म्हणून माहेरी न्यायला येतो, आक्काने तयार राहावं. सोबत गुलाबी साडी. आज माझा उपास आहे, खोटं लिहिणार नाही. तू यावं की नाही ते शेवटी सांगते. मध्येच फाडू नकोस.

लूमखात्याचा मास्तर झालास, बरं झालं. पारोळ्याहून आलास तेव्हा तुला सुताच्या तुटलेल्या तारेला गाठ मारता येत नव्हती. तुझे दाजी त्याच खात्यात लूमवर होते, त्यांनी शब्द टाकला म्हणून शालिग्रामबाबांनी तुला लूमवर उभं केलं. बाबा तेव्हा खात्याचे मास्तर. आल्या आल्या तू कापड बिघडवलंस. बाबांनी लूम थांबवला, तुला बाजूला नेलं, कटिंग चहा पाजला आणि मग चूक दाखवली. घरी येऊन तूच सांगत होतास, आक्का, एवढा मोठा माणूस मला 'भाऊ' म्हणाला. आता त्यांच्या जागी तू बसलास, खिशाला पेन आलं, आणि बापाच्या वयाच्या माणसाला 'ए' म्हणतोस. खात्याच्या दारावर 'काम हीच पूजा' अशी पाटी लावलीस म्हणे. पूजा मीही रोज करते बाबा. देवाला फूल वाहणाऱ्याच्या पाठीत लाथ घालायची, ही कुठली पूजा?

होळीला माझ्याच घरी, माझ्या खापरावरच्या पुरणपोळ्या खाताना, तू हसत हसत सांगितलंस की ज्याच्या लूमवर साडी बिघडते त्याला तीच साडी नेसवून पाळी सुटताना दारात उभा करतो. शेजारच्या चिंधाभाऊला केलं होतंस तसं. म्हणालास, एकदा हसू झालं की हात आपोआप सुधारतो. तुझे दाजी एवढंच बोलले, माणूस आहे रे तो. तू म्हणालास, दाजी, खात्यात नातं नसतं. ते अर्ध्या ताटावरून उठले. मला वाटलं पोट दुखतंय, मी ओवा दिला.

त्यानंतर यांचा डबा तसाच परत येतो. विचारलं तर म्हणतात, ऊन आहे.

मग तुझी साडी आली. पदरावर तेलाचा डाग होता, पण मी काय, साबणाचा तुकडासुद्धा वाया न घालवणारी बाई. म्हटलं, भावाने आठवणीने दिलीय, मास्तरला डॅमेजचा माल स्वस्त पडत असेल, त्यात काय! सोडा लावून घासली, डाग काढला. हौसेने यांच्यासमोर अंगावर धरून दाखवली. ते उठून ओट्यावर जाऊन बसले. मला राग आला, म्हटलं माझ्या माहेरचं काही यांना गोड लागतच नाही. साडी वाळत घातली तेव्हा चिंधाभाऊची कलाबाई पाणी भरायला आली. ती त्यांचा डबा घेऊन खात्यावर जाते. दोरीकडे बघून म्हणाली, वहिनी, ही काढ. पाया पडते, ही काढ. ही सुकदेवदादांना नेसवली होती.

गजेंद्र, आखाजीला ज्या दाजींचे पाय धुतोस त्यांना तू साडी नेसवलीस. आणि तीच मला आहेर म्हणून धाडलीस. मुद्दाम धाडली असतीस तर एकवेळ समजलं असतं. ती कुठली साडी हे तुला आठवलंसुद्धा नसणार.

म्हणून हे पत्र. साडी मगनबरोबर परत येतेय. तुला ती नेसून दारात उभा राहा असं मी म्हणणार नाही, ती शिस्त तुझी तुला लखलाभ. आधी ती रीत बंद कर. मग सगळ्या खात्याचे लूम थांबव. आधी चिंधाभाऊची माफी माग, नंतर यांची. आणि तिथेच, खात्यातच, त्यांना 'दाजी' अशी हाक मार. त्यांनी ओ दिली तर मुराळी म्हणून ये. नाही दिली तर गाडीत एकटाच बस. आईने विचारलं, आक्का का नाही आली, तर तिलाही हसत हसत सांग, जसं माझ्या ताटावर बसून सांगितलंस.

अजून तरी तुझीच,
रंजनाआक्का