ज्ञानेशच्या गाडीच्या पांढऱ्या सीटा

मोशी, रविवार

सौ. विजूस, तुझ्या माणसाकडून पुष्कळ प्रेम.

मी मजेत आहे, डबा वेळेवर येतो. बाळ रात्री झोपू देतं का? माहेरी तुझा फोन सदा स्पीकरवर असतो, म्हणून हे लिहून कळवतोय.

काल तुझ्या धाकट्या बहिणीच्या, करिष्माच्या नवऱ्याने, ज्ञानेशने, हायब्रिड गाडी आणली. पूजेला वाकडला गेलो होतो. म्हणे या नव्या मॉडेलचं रूपच बदललंय. मला तर समोरचे बारीक दिवे बघून वाटलं, गाडी डोळे बारीक करून माझ्या चपला बघतेय. आत टीव्हीएवढा पडदा, आणि सीटा पांढऱ्याशुभ्र! संसारी माणूस पांढऱ्या सीटा घेतो का?

थोरला जावई म्हणून चाकाखालची लिंबं चिरडायचा मान मला मिळाला. बटण दाबलं, तर आवाजच नाही. सुरूच झाली नाही असं समजून मी पुन्हा दाबलं आणि चालू गाडी बंद केली. करिष्मा म्हणाली, "अहो दाजी, ही बॅटरीवर गुपचूपच चालू होते." सगळे हसले. मीही हसलो, काय करणार?

नंतर ज्ञानेश म्हणाला, "ताईंना आणि बाळाला आणायला हीच घेऊन जाऊ." नको म्हणणार होतो. पण मागे टेकून बसून पाहिलं, आणि तुझे टाके आठवले. एसटीचे धक्के तुला सोसायचे नाहीत.

तेव्हा ये त्यातूनच. फक्त वाटेत बाळाने सीटवर काही केलंच, तर त्याला रागावू नकोस.

तुझाच,
उमाकांत