बर्फाची पेटी ब्रिओनीला, शेगडी डेस्मंडला

मी, मार्गो एलिस ट्रेलोर, वय चोपन्न, धंदा साप्ताहिकात लोकांची टिंगल करणे, राहणार डूलन स्ट्रीट, बॅलरॅट, व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलिया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत व कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. ‘शुद्धीत’ या शब्दाला माझा भाऊ डेस्मंड हरकत घेईल. त्याच्या माहितीसाठी, डोकं तपासून घेतल्याचा दाखला माझ्याकडे आहे. त्याच्याकडे नाही.

पुढच्या महिन्यात मेलबर्नला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डेस्मंडच्या मते हे किरकोळ काम आहे. हृदयाच्या बाबतीत त्याला सगळंच किरकोळ वाटतं.

कलम १. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्दबातल समजावीत. ती बहुतेक नाताळच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेली आहेत. एकात डेस्मंडच्या बायकोला, नोलीनला, सगळं दिलं होतं, कारण तिने मला मिठी मारली. त्यापुढच्यात तिला फक्त पायपुसणं, कारण तिने माझा फोन उचलला नाही. माझा वकील कॅलम फिनिगन दरवेळी विनवायचा, “मार्गोबाई, आठवडाभर थांबा की!” आठवडाभर थांबता न येणं हाच माझा आजार आहे, हे तेव्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं.

कलम २. त्या आजाराचं नाव बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकार. नाव मिळेपर्यंत अर्धं आयुष्य गेलं. एका डॉक्टरने नैराश्याच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याने हार्मोन्सवर ढकललं, तिसरा म्हणाला, “लग्न करून बघा.” बघितलं. दोनदा.

शेवटी डॉ. इलेनी वासिलाकी भेटली. रक्त नाही, डोक्याचा फोटो नाही. त्यात हे दिसतच नाही म्हणे. नुसती विचारत आणि ऐकत गेली, भेटीमागून भेट. तारुण्यापासूनची भांडणं, पोकळी, स्वतःला केलेल्या जखमा.

“कोणी यायला उशीर केला तर काय वाटतं?”

“मेला असेल, नाहीतर मला सोडून गेला असेल. मेला असेल तर बरं.”

ती हसली नाही. म्हणाली, “मार्गो, तुझं घर पक्कं आहे गं. दारांना बिजागऱ्या नाहीत. वारा आला की दार उघडत नाही, उखडून अंगावर येतं. बिजागऱ्या बसवता येतात.”

“कुठल्या गोळीने?”

“याची गोळी नसते. सोबत दुसरं काही असलं तर त्याची असते. तू दर आठवड्याला यायचं, तुझ्यासारख्यांच्या गटात बसायचं, भडका सांभाळायला शिकायचं. बरेच जण सुधारतात.”

“कधीपर्यंत?”

“महिने मोजू नकोस. वर्षं धर.”

मी तिला लुटारू म्हटलं, दार आपटलं आणि पुढच्या आठवड्यात वेळेच्या आधी हजर झाले. माझी लाल किटली तिला द्यावी. रुग्णाकडून भेट घ्यायची नाही, असा तिचा नियम आहे. पूर्वी या नियमाचाही मला अपमान वाटला असता. घेतली नाही तर किटली गटाच्या खोलीत ठेवावी. तिथल्या चहाला कोणीतरी वाली हवा.

कलम ३. बार्बेक्यूची शेगडी डेस्मंडला. तीवर सॉसेज उलटण्याचा हक्क जन्मतः आपलाच आहे असं तो मानतो आणि दर सॉसेजमागे कौतुकाची वाट बघतो. त्यालाही काही विकार आहे का, ते मी सांगणार नाही. पदवी नसताना निदान करणं हा त्याचा छंद आहे, माझा नाही. स्वभाव वाकडा असणं वेगळं आणि त्याच स्वभावापायी माणसाचं जगणं, नाती, नोकरी वर्षानुवर्षं मोडत राहणं वेगळं. डेस्मंडचं छान चाललं आहे. मोडतं ते आसपासच्यांचं.

कलम ४. बर्फाची पेटी डेस्मंडची मुलगी ब्रिओनी हिला. या पेटीमुळे माझी अब्रू गेली, म्हणून खुलासा आवश्यक.

गेल्या नाताळात डेस्मंडच्या अंगणात जेवण होतं. आमचा नाताळ भर उन्हाळ्यात; ऊन असं, की पाव्हलोवा केकवरचं क्रीम वाहत होतं. ही पेटी मीच नेली होती, बिअर त्याची. भर पंगतीत तो ब्रिओनीकडे बोट दाखवून म्हणाला, “काही झालेलं नाहीये हिला. नाटकं आहेत, नुसतं लक्ष वेधून घ्यायचं!” पोर एकोणीस वर्षांची. त्या उन्हात लांब बाह्या घालून लिंबाच्या झाडाखाली उभी. बाह्या कशासाठी, हे पंगतीत मला एकटीला कळत होतं.

माझा हात पाव्हलोवाकडे गेला. तो डेस्मंडच्या तोंडावर बसणार, इतक्यात गटातला धडा आठवला: भडका उडाला की श्वास रोखून तोंड बर्फाच्या पाण्यात घालायचं, शरीर आपोआप धीमं होतं. मी पेटी उघडली आणि कॅनच्या मधोमध तोंड बुडवलं. वर आले ती शांत.

“अगंबाई, ही तर्र झालीये!” नोलीन किंचाळली.

“सकाळपासून ढोसत असणार,” डेस्मंड म्हणाला.

मी लेमोनेडवर होते. पण आमच्याकडे बर्फाच्या पेटीत माणूस वाकतो तो एकाच कामासाठी. डॉक्टरांना वर्षं लागली, पंगतीला पापणी लवेपर्यंत निदान मिळालं. नवीन वर्ष उजाडेपर्यंत चर्चच्या बायका माझ्या टपालपेटीत दारू सोडवण्याची पत्रकं टाकू लागल्या.

एकटी ब्रिओनी टॉवेल घेऊन आली. “आत्या, याने खरंच थांबतं?”

“थांबत नाही गं. थोडं पुढे ढकलता येतं.”

“मला शिकव ना.”

जानेवारीत डेस्मंडने तिला सांगितलं, नाटकं करायची तर या घरात नाही. तेव्हापासून ती माझ्या मागच्या खोलीत राहते, आणि गटात जाते.

कलम ५. माझे डूलन स्ट्रीटवरील राहते घर, आवारासह, ब्रिओनीला. विनाअट. “वर्षभर नीट वागली तरच, अशी अट घाल,” असा डेस्मंडचा फोन आला होता. नीट वागलं तर मिळणारं घर तिला आधी होतंच. ती ओरडेल, बॅग भरून जाईल, परत येईल. माझ्या शेवटच्या दिवशी मला ‘मर’ म्हणाली तरी हे कलम बदलणार नाही.

कलम ६. हे कलम कॅलमच्या टेबलावर, सहीआधी वाढवलं आहे. ज्याला मिळायचं त्याने साक्षीदार होऊ नये, सहीच्या वेळी खोलीतही नसलेलं बरं. म्हणून कॅलम माझ्यासोबत आलेल्या ब्रिओनीला सहज म्हणाला, “पोरी, तू जरा बाहेर बस.” आणि दार लावलं.

दार लगेच उघडलं. “मलाच बाहेर काढलंस! तूपण बाबांसारखीच निघालीस! नको मला तुझं घर!” मग ते असं आपटलं, की काच थरथरली.

कॅलमने पेनाला टोपण लावलं. “मार्गोबाई, आठवडाभर थांबायचं का?”

जन्मभर हा सल्ला बरोबर होता. आज पहिल्यांदाच चूक. जुन्या मार्गोने एव्हाना घर भटक्या कुत्र्यांच्या नावे केलं असतं. मी त्याच्या कारकून आणि माझ्या पहिल्या साक्षीदार हेदर यांच्याकडे बर्फ मागितला. झडपेमुळे तोंड बुडवायची आता मनाई आहे, म्हणून खडा मुठीत धरला. राग गेला नाही. खुर्ची घेऊन बसला.

तेवढ्यात दुसरे साक्षीदार, शेजारच्या बेकरीचे मिन, पीठ झटकत आले. “बाई, तुमची भाची माझ्या दुकानात बसलीये. पाव नको म्हणते, कॉफी नको म्हणते. नुसता बर्फ मागितला.”

मी कॅलमच्या हातून पेन घेतलं.

खाली सहीची शाई पसरलेली दिसेल. ती बिअर नाही, अश्रूही नाहीत. पाणी आहे.

सही: मार्गो एलिस ट्रेलोर

आम्हा दोघांसमक्ष, ओल्या हाताने व शांतपणे सही केली:
१. हेदर मॅकस्विनी, कारकून
२. त्रान व्हान मिन, बेकरीवाले (परत दुकानात जातो, मुलगी एकटी आहे)

ठिकाण: बॅलरॅट
दिनांक: १४ मार्च २०२४