म्हातारीचं नवं घर

सोमवार, ३ मार्च

म्हातारी आज पुन्हा कामाच्या मध्येच गपगार झाली! म्हातारी म्हणजे बाबांच्या, माझ्या सासऱ्यांच्या, टेबलाखालचा जुना सर्व्हर. नाव त्यांनीच ठेवलेलं. आमच्या दोऱ्याच्या कारखान्यात त्याच रंगाचा दोरा हवा म्हणून कुणी बटण पाठवतं, कुणी कापडाचा तुकडा — बाबा तो खिडकीत धरून छटा ओळखतात आणि म्हातारीतला प्रोग्राम सांगतो कुठला रंग किती घालायचा. मी तिथलेच कॉम्प्युटर सांभाळते. म्हणजे घरी सून, आणि कारखान्यात म्हातारीची डॉक्टर.

मालकांना बाबांनी शब्द दिलाय — "ही चालेल तोवर मी येईन. ही थांबली की मी घरी." आज खाली वाकून घरघर ऐकत मला म्हणाले, "किती दिवस काढेल गं ही?" रंगांशिवाय हा माणूस घरी काय करणार? भिंती बघत बसणार?

नाही. म्हातारी थांबता कामा नये.

मंगळवार, ४ मार्च

नवरा म्हणतो, "नवीन सर्व्हर घेतलायस ना? त्यावर टाक आणि बाबांना सांग." सांगितलं की संपलंच! म्हातारी गेली म्हणजे शब्दही पुरा झाला. बाबांना ताकास तूर लागू द्यायची नाही.

आता घोळ असा. प्रोग्राम एका व्हर्च्युअल मशीनमध्ये आहे — यंत्राच्या पोटातलं मानलेलं यंत्र. ते चालवणारा हायपरव्हायजर म्हातारीवर एक, नव्या सर्व्हरवर दुसराच. प्रोग्राम महाहट्टी, उघडताना आधी बघतो, आपण आपल्याच घरात आहोत ना? परकं काही दिसलं की तोंड मिटून बसतो. सुदैवानं नव्याला जुन्याचं सोंग घेता येतं. बघू किती वठतं!

बाबांनी आज घरी गॅलरीत दोन वेताच्या खुर्च्या आणून ठेवल्या. कशाला कोण जाणे. बसायला वेळ कुणाला आहे?

गुरुवार, ६ मार्च

नुसता निळा पडदा! दोन्ही डिस्क उतरवून घेतल्या, नव्यावर लावल्या, आणि मशीनला आपलीच डिस्क दिसेना.

दुपारी कपाळाला हात लावला. चूक माझीच. डिस्क ज्या कंट्रोलरवर लावतात तो मी हौसेनं सगळ्यात नवा, सगळ्यात वेगवान निवडला होता. म्हटलं, बिचारीला चांगलं काहीतरी द्यावं! पण ही जुन्या वळणाची. त्या दारानं कधी आलीच नाही, तिला ते ओळखू कसं येणार? जुन्या हायपरव्हायजरनं दिला होता तसलाच साधा, धिमा कंट्रोलर लावायला हवा. आपल्याला चांगलं वाटतं ते दुसऱ्याच्या गळ्यात मारायची माझी खोडच आहे. सासूबाई नेहमी म्हणतात.

शुक्रवार, ७ मार्च

उठली! पण दुसरी डिस्क, सगळ्या छटा साठवलेली, गायब.

शनिवार, ८ मार्च

सापडली! दुसऱ्या डिस्कच्या जागेवर मी सीडीचा खण लावून ठेवला होता. म्हातारी आपली जुन्या सवयीनं दुसऱ्या जागेवर छटा शोधत होती आणि हाती रिकामा खण लागत होता. खण हलवला, डिस्क तिच्या जागी बसवली — आणि सगळे निळे, सगळे लाल, बाबांनी आयुष्यभर जुळवलेला एकेक रंग पडद्यावर हजर. जिवात जीव आला. खोलीत एकटीच नाचले!

रविवार, ९ मार्च

कारखाना बंद. नवऱ्याला हमाल म्हणून नेलं. बाबांच्या टेबलावरचा पडदा आणि कीबोर्ड भिंतीपलीकडच्या नव्या सर्व्हरला जोडला. म्हातारीची पेटी टेबलाखालीच ठेवली — आत फक्त पंखा आणि हिरवा दिवा, म्हणजे घरघर तशीच राहील. नवरा हसून हसून बेजार. मग म्हणाला, "माझ्यासाठी करशील का गं एवढं?" मी म्हटलं, आधी छटा ओळखायला शीक.

सोमवार, १० मार्च

बाबा बसले. कीबोर्डची कळ दाबली. मी दारात.

प्रोग्राम उघडला! बाबा थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग वाकून पेटीवर थोपटलं. "टुणटुणीत झाली की म्हातारी! तुझ्या हाताला यश आहे, सूनबाई." आणि बटण घेऊन खिडकीकडे गेले. मी बाथरूममध्ये जाऊन मनसोक्त रडले.

शुक्रवार, २८ मार्च

बाबा टेबलावरच पेंगत होते. डोळेही चोळत असतात हल्ली. तरी येतात. कामावर काय जीव आहे या माणसाचा!

शुक्रवार, ४ एप्रिल

आज लवकर पोचले. पेटी गप्प. पंख्याची पिन काढून ठेवलेली, आणि बाबा निवांत दोरा न्याहाळतायत. मला बघताच पिन लावायला लगबगीनं वाकले!

"पहिल्याच दिवशी कळलं गं. म्हातारी एवढी चटकन कधी उठायची? तिची घरघर डोक्यात जाते, म्हणून तू येईपर्यंत बंद ठेवतो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू किती मायेनं केलंस. मी आपला वाट बघत होतो ती कधी थांबते याची. खुर्च्यासुद्धा आणून ठेवल्या होत्या — एक माझी, एक तुझ्या सासूबाईंची."

आमचं दोघांचं हसू थांबेना. माझे डोळेही वाहायचे थांबेनात.

छटा सगळ्या माझ्याकडे नीट आहेत. उद्या म्हातारी बंद पडेल. मालकांना मीच सांगेन — खूप प्रयत्न केले, नाही उठली.